काट्यावर न दिसलेले शिसे

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, जर्मनीतील मानहाइम शहरातून बर्था बेंझ ही स्त्री एका पहाटे आपल्या दोन मुलांसह माहेरी निघाली. माहेर फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक दूर. वाहन होते तिचे पती कार्ल बेंझ यांनी बनविलेली तीनचाकी मोटार, आणि ती बाहेर काढल्याची पतीला वर्दीही नव्हती. त्या मोटारीला वेग दाखविणारी तबकडी नव्हती, उष्णता दाखविणारा काटा नव्हता, इंधन किती उरले हे सांगणारी खूणही नव्हती. पाणी उकळून आटले की वाटेतल्या विहिरीवर किंवा ओढ्यावर थांबून ते भरावयाचे. इंधन संपत आले तेव्हा वीस्लोख गावातील औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा द्रव विकत घेण्यात आला. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी तो विकला जात असे. मोटारीच्या इतिहासातील पहिला पेट्रोलपंप म्हणून त्या दुकानाचे नाव आजही घेतले जाते.

त्या प्रवासात बर्थाबाईंपुढे दोन प्रश्न होते. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे बाहेरून कसे ओळखावे, आणि त्याच्या पोटात घालावे तरी काय? मोटार चालविणाऱ्या प्रत्येकापुढे आजही हेच दोन प्रश्न असतात. त्यांची उत्तरे शोधण्यात मोठमोठ्या बुद्धिमंतांनी आयुष्ये वेचली. परंतु तिसरा एक प्रश्न, यंत्राबाहेरच्या माणसाचा, विचारावयाचा राहून गेला, आणि त्याची किंमत जगाने जवळजवळ शंभर वर्षे भरली.

प्रथम काट्यांचा विचार करू. मोटारीवरचे काटे मोटारीसाठीच जन्मले असे नाही. तेलाचा दाब दाखविणाऱ्या जुन्या मापकातील वाकडी पोकळ नळी फ्रान्समधील एझेन बूर्दों यांनी १८४९ साली वाफेच्या यंत्रांसाठी शोधली होती. आत दाब वाढला की वाकलेली नळी सरळ होऊ पाहते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा सरकतो. वेगमापकाची युक्ती ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये नोंदविली. चाकाच्या गतीबरोबर एक लोहचुंबक फिरतो, त्याच्याभोवतीची धातूची वाटी त्या ओढीने फिरू पाहते, आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या दोहोंच्या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो तो वेग. ही रचना पुढे अनेक दशके कोट्यवधी गाड्यांत चालली.

तरीही सामान्य मोटार बराच काळ जवळजवळ आंधळीच होती. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीत पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असे. किती पेट्रोल उरले हे पाहण्यासाठी बैठक उचलून टाकीत काठी बुडवावी लागे. तेलाची पातळी पाहण्यासाठी गाडीखाली वाकून दोन लहान तोट्या उघडाव्या लागत. वरच्या तोटीतून तेल आले तर पुरेसे आहे, खालच्या तोटीतूनही आले नाही तर गाडी हलवू नये, असा साधा नियम होता. पुढे हॅरिसन बॉइस या अमेरिकन गृहस्थाने रेडिएटरच्या टोपणावर बसविण्याचा तापमापक काढला. त्यातला लाल द्रव चालकाला आपल्या जागेवरूनच चढताना दिसे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हे सारे मापक हळूहळू चालकासमोरच्या फळीवर आले.

या मापकांचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवावा लागतो. मापक बनविणाऱ्याने जो प्रश्न त्याला नेमून दिला तेवढ्याचेच उत्तर तो देतो. तापमापकाचे टोक पाण्यात बुडालेले असेल तोवरच तो पाण्याची उष्णता सांगतो. गळतीने पाणी पार निघून गेले तर इंजिन तापून लाल होत असतानाही काटा थंडपणे खाली पडून राहू शकतो. तेलाचा तांबडा दिवा तेल कमी असल्याचे सांगत नाही. तेलाचा दाब गेल्याचे, म्हणजे पुष्कळ उशिराचे वृत्त तो देतो. म्हणूनच तो दिवा पेटताच इंजिन तत्काळ बंद करावे, पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह धरू नये, असे जाणते सांगतात. तापमानाचा काटा वर गेला तर थांबावे, पण तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडू नये. काटा वाचता येणे म्हणजे तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे दोन्ही कळणे होय.

इंजिनाची एक तक्रार अशी होती की तिला चालकासमोर काटाच नव्हता. श्रोत्यांपैकी ज्यांनी जुनी मोटार घाटात चढविली असेल त्यांच्या कानांना ती परिचित आहे. चढावर, जड ओझे असताना, इंजिनातून खडखड, ठकठक असा धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो. कारागीर त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि ठिणगीने पेटविले जाते. ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे शिस्तीने पसरावी अशी अपेक्षा असते. परंतु दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच टोकाचे मिश्रण आपणहून एकदम पेट घेते. हाच तो ठोका. त्याने शक्ती वाया जाते आणि कालांतराने दट्ट्याही फुटतो. दाब जितका अधिक तितके इंजिन अधिक काटकसरी आणि बलवान, पण दाब वाढविण्याच्या वाटेत हा ठोका आडवा येत असे.

अमेरिकेतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी या ठोक्याचा पिच्छा पुरविला. हँडल मारून गाडी सुरू करण्याच्या कष्टांतून चालकाची सुटका करणारा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला, तो यांचाच. नॉकिंगचे काम त्यांनी १९१६ मध्ये थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे सोपविले. मिजलीने आयोडीन घालून पाहिले, तेव्हा ठोका थांबला. पण आयोडीन महाग आणि धातू खाणारे. मग अनेक द्रव्यांची परीक्षा झाली. टेल्युरियमचे संयुग गुणकारी ठरले, परंतु त्याचा लसणासारखा दर्प अंगाला असा चिकटे की माणसांना समाजात वावरणे कठीण होई. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग इंजिनात गेले, आणि ठोका नाहीसा झाला. त्याचे प्रमाण किती अल्प! सुमारे तेराशे भाग पेट्रोलला एक भाग पुरे होई.

शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. रंगकाम आणि छपाई या धंद्यांतील कामगारांना शिशाची बाधा होते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होते. अल्कोहोल मिसळल्याने ठोका थांबतो हेही केटरिंग आणि मिजली यांना पक्के ठाऊक होते. परंतु धान्यापासून वा मळीपासून अल्कोहोल कोणीही गाळू शकतो. शिशाच्या युक्तीवर पेटंटचे कुलूप घालता येत होते. इतिहासकार त्या निवडीमागे हेही एक कारण मानतात. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधील एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. विक्रीसाठी त्याला ‘एथिल’ हे सुटसुटीत नाव दिले गेले. त्या नावात शिशाचा उच्चार नव्हता.

१९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीमधील बेवे येथील कारखान्यात हे रसायन बनविणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. कोणाला नसलेली माणसे दिसू लागली, कोणी बेभान होऊन आवरेनासे झाले. काही दिवसांत पाच जण दगावले आणि तिसांहून अधिक आजारी पडले. वृत्तपत्रांत खळबळ उडाली. तेव्हा ३० ऑक्टोबर रोजी मिजलीने वार्ताहरांसमोर ते रसायन आपल्या हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखविला. आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे त्याला स्वतःला विश्रांतीसाठी फ्लोरिडास जावे लागले होते, हे त्या वेळी सांगितले गेले नाही.

२० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सरकारच्या आरोग्यप्रमुखांनी परिषद भरविली. तेलउद्योगाच्या एका प्रतिनिधीने हे रसायन म्हणजे जणू ईश्वराची देणगी असल्याचे सांगितले. कारखान्यांतील विषबाधांचा अभ्यास करण्यात हयात घालविलेल्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांचा मुद्दा वेगळा होता. कारखान्यातले शिसे चार भिंतींत आवरता येईल, रस्त्यावर पसरलेले कोण आवरणार? येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी बजावले की ही बाधा इतक्या संथपणे येईल की लोकांना जाग येईपर्यंत शिशाचे पेट्रोल सर्वत्र रुजलेले असेल. विक्री थांबली, समिती नेमली गेली. समितीने काही महिन्यांत २५२ माणसांची तपासणी केली. त्यांत शिशाचे पेट्रोल वापरणारे चालक आणि मोटारखान्यांतील कामगार होते, तसेच ते न वापरणारेही होते. बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाही, असे १९२६ च्या जानेवारीत समितीने कळविले. परंतु वापर वाढल्यास चित्र पालटू शकेल, म्हणून अभ्यास पुढे चालू ठेवावा, असेही तिने लिहून ठेवले होते. अहवालातील पहिल्या भागाचा अंमल लगेच झाला. दुसरा भाग कागदावरच राहिला.

याच १९२६ मध्ये इंजिनाच्या ठोक्याला अखेर एक चोख माप मिळाले. ग्रॅहॅम एडगर या रसायनज्ञाने दोन शुद्ध द्रव निवडले. एक हेप्टेन, जे जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या डिंकापासून मिळत असे आणि चटकन ठोके देई. त्याला शून्य गुण. दुसरे आयसो-ऑक्टेन, जे ठोक्याला फार वेळ दाद देत नसे. त्याला शंभर गुण. एखादे पेट्रोल या दोहोंच्या ज्या मिश्रणासारखे वागेल, त्यातील आयसो-ऑक्टेनची टक्केवारी म्हणजे त्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक. प्रयोगशाळेतील दाब बदलता येणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनावर ही परीक्षा आजही होते.

ऑक्टेन अंकाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. मोठा अंक म्हणजे अधिक शक्तीचे पेट्रोल असे समजून चार पैसे जास्त मोजले जातात. वस्तुतः तो अंक शक्तीचा नव्हे, सहनशीलतेचा आहे. आपोआप न पेटता किती दाब सोसता येईल, एवढेच तो सांगतो. ज्या इंजिनाची रचना ९१ अंकाच्या पेट्रोलसाठी आहे, त्यात ९७ घातल्याने सहसा लाभ होत नाही. उलट अधिक दाबाच्या इंजिनाला कमी अंकाचे पेट्रोल घातले तर नॉकिंग होते. अलीकडच्या गाड्यांत ठोका ओळखणारी यंत्रणा ठिणगीची वेळ मागे ओढून इंजिन वाचविते, पण शक्ती घटतेच. शिवाय अंक मोजण्याच्या रीती देशागणिक भिन्न आहेत. अमेरिकेतील पंपावरचे ८७ आणि भारतातील ९१ ही साधारण एकाच योग्यतेची पेट्रोले होत. म्हणून योग्य इंधन कोणते, याचे उत्तर जाहिरातीत शोधू नये. ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत आणि टाकीच्या झाकणाजवळच्या चिठ्ठीवर असते.

इंजिनासाठी अशी शून्य आणि शंभराची खूण ठरली. माणसाच्या रक्तातील शिशासाठी शून्याची खूण कोठे होती? ती ठरविण्याचे काम ज्यांच्या हाती गेले ते डॉक्टर रॉबर्ट केहो हे एथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळेला पैसा उद्योगाकडून येई. त्यांचे म्हणणे असे की शिसे प्रत्येक मनुष्याच्या शरीरात स्वभावतःच असते, आणि विशिष्ट मर्यादेपर्यंत ते निरुपद्रवी असते. पुराव्यादाखल मेक्सिकोतील दूरच्या खेडुतांचीही त्यांनी तपासणी केली होती. मोटारींपासून दूर राहणाऱ्या त्या लोकांच्या शरीरातही शिसे सापडले. परंतु ते लोक शिशाचा झिलईदार मुलामा दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होते! तराजूचा काटा कितीही प्रामाणिक असो, पारड्याखाली आधीच मेण लावलेले असेल तर माप खरे कसे येणार? चाळीस वर्षे हेच माप प्रमाण मानले गेले. १९३६ पर्यंत अमेरिकेतील सुमारे नव्वद टक्के पेट्रोल शिशाचे झाले होते.

ती शून्याची खूण योग्य जागी नेली क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने, आणि तीही दुसऱ्याच कामाच्या ओघात. उल्कांमधील शिशावरून पृथ्वीचे वय काढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ते वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे, हे त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. या मोजणीत त्यांना सतत एक अडचण येई. हवेतून, धुळीतून, हातांवरून, काचेच्या भांड्यांतून, जिकडून तिकडून शिसे नमुन्यात शिरत होते. त्यांनी अतिशय स्वच्छ प्रयोगशाळा उभारली, आणि तेव्हा त्यांना कळले की बाहेरचे जगच शिशाने माखलेले आहे. १९६५ साली त्यांनी लिहिले की लोक ज्याला स्वाभाविक म्हणतात ते केवळ नेहमीचे झाले आहे. आधुनिक माणसाच्या शरीरातील शिसे निसर्गाच्या हिशेबापेक्षा सुमारे शंभर पट आहे. त्यानंतर उद्योगाकडून त्यांना मिळणारे साहाय्य थांबले. तरीही १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांचा हिशेब मांडला. जुन्या थरांत शिसे नगण्य होते, आणि १९४० नंतरच्या थरांत ते झपाट्याने वाढले होते. बर्फाने वर्षानुवर्षांची नोंद जपून ठेवली होती.

याहून अधिक मनाला लागणारा पुरावा मुलांच्या दातांतून आला. डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. शिसे दातात साठून राहते, म्हणून बालपणात किती शिसे अंगात गेले याची ती नोंदच होती. दोन हजारांहून अधिक मुलांविषयी त्यांच्या वर्गशिक्षकांनी प्रश्नपत्रके भरून दिली. मूल एकाग्र होते का, सांगितलेल्या सूचना क्रमाने पाळते का, हाती घेतलेले काम तडीस नेते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापनातील सरासरी कमी, आणि शिक्षकांच्या तक्रारीही त्यांच्याचविषयी अधिक. यांतील कोणतेही मूल ढोबळ अर्थाने आजारी नव्हते. वर्गात ते चंचल म्हणून, मठ्ठ म्हणून गणले जात असेल आणि त्यासाठी बोलणीही खात असेल. त्याच्या अवगुणाचा उगम कोठे होता, हे ना आईबापांना कळले ना गुरुजींना.

शिसे हटविण्याचा पहिला मोठा रेटा मात्र मुलांच्या कणवेने आला नाही. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यामुळे धुरातील अन्य विषारी वायू कमी करणे भाग पडले. त्यासाठी १९७५ च्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्यातील प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते निकामी होई. तेव्हा यंत्र बिघडू नये म्हणून शिसेविरहित पेट्रोल पंपांवर ठेवणे १९७४ पासून सक्तीचे झाले. चुकीचे पेट्रोल भरले जाऊ नये यासाठी नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवण्यात आले, आणि शिसेविरहित पंपाची नळीही तशीच बारीक करण्यात आली. परिणाम पाहण्यास फार काळ लागला नाही. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे एका डेसिलिटरमागे सुमारे १३ मायक्रोग्रॅम होते, ते १९९१ पर्यंत ३ च्या खाली आले.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, तेही प्रथम कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी. उर्वरित शहरांच्या आणि गावांच्या वाट्याला ते टप्प्याटप्प्याने आले, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगात ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे २०२१ च्या जुलैत विक्री थांबली. डेटनच्या त्या पहिल्या पंपापासून ९८ वर्षे लोटली होती.

ज्या अल्कोहोलला १९२० च्या सुमारास बाजूला सारले गेले, ते आज पेट्रोलमध्ये परत आले आहे. भारतात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील साखर कारखान्यांची मळी आणि उसाचा रस आता गाडीच्या टाकीपर्यंत पोहोचतो. इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला आहे, परंतु लिटरमागे उष्णता कमी असल्याने मैलपल्ला काहीसा घटतो. जुन्या गाड्यांतील रबरी भाग त्याला टिकतील की नाही हे पुस्तिकेत पाहणे इष्ट. त्याच्याही बाबतीत पाणी किती लागते, धान्य किती जाते, जमीन किती गुंतते हे प्रश्न आहेत. ते चालकासमोरच्या कोणत्याही तबकडीवर उमटत नाहीत, म्हणून ते विचारणाऱ्याला वेडगळ समजू नये. हेंडरसन आणि हॅमिल्टन यांनाही त्या काळी पुष्कळांनी प्रगतीचे शत्रूच मानले होते.

शिशाचा हिशेबही अजून पुरता मिटलेला नाही. लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये ते अद्याप अनेक देशांत वापरले जाते, आणि जुन्या रहदारीच्या रस्त्यांकडेच्या मातीत पूर्वीचे शिसे पडून आहे. ते विरत नाही, कुजत नाही. त्या मातीत आजही मुले खेळतात.